शेपूच्या देशात विचारायचं कोणाला?

एस्टोनियाला जायचं म्हटलं की पहिली परीक्षा व्हिसाच्या खिडकीवर होत नाही, घरच्या दिवाणखान्यात होते. "म्हणजे नक्की कुठे?" या प्रश्नाला "बाल्टिक समुद्राच्या काठी" असं उत्तर देऊ नये. त्यानं समोरचा चेहरा आणखी कोरा होतो. फिनलंडच्या खाली, मध्ये ऐंशीएक किलोमीटर समुद्र, एवढं सांगावं. शेजारच्या दोन देशांपैकी कुठला वर आणि कुठला खाली, हा घोळ भल्याभल्यांचा होतो. आपला व्हायचं कारण नाही, कारण आपल्याकडे बाराखडी आहे. नकाशावर वरून खाली यायचं: एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया. ए, ला, लि.

देश केवढा? क्षेत्रफळ साधारण ४५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा सातवा हिस्सा. माणसं तेरा-चौदा लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहरात याहून जास्त होती. सर्वांत उंच डोंगर सूर मुनामॅगी, उंची ३१८ मीटर. या नावाचा सरळ अर्थ 'मोठं अंडं-डोंगर'. कळसूबाई चढलेल्या माणसानं त्याच्या पायथ्याशी उभं राहून "डोंगर कुठाय?" असं विचारू नये. एक तर ते बरं दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे विचारायला आसपास कोणी नसतं.

खरी अडचण हीच. आपला सगळा प्रवास विचारण्यावर चालतो. बसवर 'स्वारगेट' अशी पाटी असते, कंडक्टर 'स्वारगेट, स्वारगेट' ओरडत असतो, तरीही आपण चढताना "स्वारगेट ना?" विचारतो, आणि आत बसल्यावर शेजाऱ्याकडून खात्री करून घेतो. एस्टोनियन माणूस उद्धट मुळीच नाही. विचारलं तर उत्तर देतो, तेही बहुधा चांगल्या इंग्रजीत. पण उत्तर प्रश्नाच्या मापाचं असतं. "ही बस बंदरावर जाते का?" "नाही." संपलं. मग कुठली जाते, ती कुठून मिळते, तुम्ही आलात कुठून, लग्न झालंय का, यातलं काही पुढे येत नाही. ते हवं असेल तर दुसरा प्रश्न विचारायचा. तिसऱ्या प्रश्नाला आपल्यालाच अपराधी वाटू लागतं. म्हणून या देशात जायचं तर उत्तरं घरूनच नेलेली बरी. खाली जे सांगतो आहे ते त्यासाठी.

सुरुवात कागदांपासून. एस्टोनियाची कीर्ती अशी की सगळं सरकार संगणकात बसलेलं आहे. २००५ पासून तिथले लोक घरबसल्या मत देतात. स्काइपचं मूळ सॉफ्टवेअर लिहिणारे प्रोग्रॅमर इथलेच. २०१४ च्या डिसेंबरपासून परदेशी माणसाला 'ई-रेसिडेन्सी'चं कार्डही मिळतं. या कार्डाबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. त्या कार्डावर एस्टोनियात कंपनी काढता येते, पण एस्टोनियात पाऊल ठेवता येत नाही. पाऊल ठेवायला व्हिसाच लागतो, आणि व्हिसाला कागदांचा गठ्ठाच लागतो. संगणकीय देशाच्या दारात आपण झेरॉक्सवाल्याच्या कृपेनं पोहोचतो.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, आणि अल्प मुदतीचा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत करायलाच हवा. उन्हाळ्यासाठी पंधरा दिवस धरून चालणारा माणूस आशावादी नव्हे, बेफिकीर. मोठ्यांना फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरट पार्श्वभूमीवर. स्टुडिओवाल्याला 'शेंगेनचा' असं स्पष्ट सांगावं, नाहीतर तो प्रेमानं त्वचा उजळून देतो आणि खिडकीवरच्या बाई फोटो परत देतात. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. बँकेच्या खात्याचा उतारा शाखेच्या शिक्क्यासह घ्यावा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून आणून एकदम टाकलेले चार लाख उताऱ्यात असे उठून दिसतात, जसा पांढऱ्या शर्टावर रश्श्याचा डाग.

फसगत मात्र याहून साध्या जागी होते. व्हिसा कुठल्या देशाकडे मागायचा? जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार, त्याच्याकडे. हेलसिंकीत तीन रात्री आणि तालिनमध्ये, म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीत, तीन रात्री, उतरणार हेलसिंकीला, असा बेत असेल तर अर्ज फिनलंडकडे जातो. "एस्टोनियाचा व्हिसा लवकर मिळतो म्हणे" असं कोणी सांगितलं म्हणून तिकडे अर्ज आणि दौरा सगळा पॅरिसचा, असले उद्योग करू नयेत.

भारतातून थेट विमान नाही. फ्रँकफर्ट, वॉर्सा, इस्तंबूल किंवा हेलसिंकी अशी कुठेतरी बदली करावी लागते. आता बारकावा असा की इमिग्रेशन तालिनला होत नाही, शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर होतं. (इस्तंबूलहून गेलात तर तो पहिला विमानतळ तालिनच.) ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी यंत्रणा यायला लागली आहे. पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो, तेव्हा बदलीसाठी पन्नास मिनिटांचं तिकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. विमा, हॉटेलची पावती, परतीचं तिकीट हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. विमानाच्या पोटातल्या बॅगेत गेलेली कागदपत्रं चकल्यांबरोबर आधी तालिनला पोहोचतात.

हेलसिंकीहून बोटीनं जाणं मला विमानापेक्षा केव्हाही आवडीचं. सुमारे दोन तास लागतात, दिवसातून अनेक फेऱ्या असतात. शुक्रवारी संध्याकाळी तिकीट महाग आणि गर्दी मोठी. परतीच्या बोटीवर फिनिश मंडळी हातगाड्यांवर बिअरचे खोके रचून नेताना दिसतात, कारण दारू एस्टोनियात स्वस्त. बोट सुटण्याची वेळ म्हणजे चढण्याची वेळ नव्हे, फाटक त्याच्या बरंच आधी बंद होतं. पळत आलेल्या माणसाकडे पाहून दोर पुन्हा टाकण्याची पद्धत भाऊच्या धक्क्यावर असेल, इथे नाही.

तालिनचं जुनं शहर युनेस्कोच्या यादीत आहे, १९९७ पासून. त्याचे फोटो पाहून आपण आतच हॉटेल ठरवतो आणि मग दगड भेटतात. हे रस्ते गोल, गुळगुळीत, अंड्याच्या आकाराच्या दगडांचे. एस्टोनियन त्यांना 'अंडेदगड' असंच म्हणतात. (या लोकांना अंडं का एवढं प्रिय, याचा शोध घ्यायला हवा.) अशा रस्त्यावर चार चाकांची बॅग पन्नास मीटर छान जाते, पुढे एक चाक वेगळ्या दिशेचा आग्रह धरतं आणि शंभराव्या मीटरला ते निघून हातात येतं. आवाज तर असा होतो की मध्ययुगातल्या त्या शांत गल्लीत खिडक्या उघडतात. पाठीवरची सॅक उत्तम. नाहीतर रेल्वे स्टेशनच्या बाजूला किंवा बंदर आणि वेस यांच्या मधल्या भागात उतरा आणि जुन्या शहरात रिकाम्या हातानं जा. खालच्या गावातून वरच्या टेकडीवर जायला दोन वाटा आहेत, 'लांब पाय' आणि 'आखूड पाय'. एक पाय लांब, एक आखूड, म्हणून तालिन लंगडतं, असं तिथले लोक म्हणतात. पाऊस पडून दगड निसरडे झाले की पाहुणेही त्यांना साथ देतात.

याच शहराची एक दंतकथा पुण्या-मुंबईच्या माणसाला फार जवळची वाटेल. शेजारच्या उलेमिस्ते तळ्यात एक म्हातारा राहतो. तो अधूनमधून वेशीवर येऊन विचारतो, "तालिन बांधून पूर्ण झालं का?" झालं म्हटलं की तो तळं फोडून शहर बुडवणार. म्हणून त्याला नेहमी एकच उत्तर द्यायचं: "अजून काम चालू आहे." आपल्याकडे खोदलेल्या रस्त्यांमागेही असाच काही उदात्त हेतू असणार, हे आपल्या कधी लक्षातच आलं नाही.

चौकातल्या औषधाच्या दुकानात जरूर डोकवा. १४२२ सालापासून त्याच्या नोंदी आहेत आणि आजही तिथे औषधं मिळतात. जुन्या काळी तिथे मार्झिपान औषध म्हणून विकत. बदाम आणि साखर वाटून केलेला गोळा तो, आपल्या बदामबर्फीचा सख्खा भाऊ. असली औषधं आपल्या वैद्यांनी बंद केली याचं वाईट वाटतं.

रस्ता ओलांडणे. झेब्रा पट्ट्यांजवळ आपण नुसते उभे राहिलो की गाड्या थांबतात. आपल्याला हे खरं वाटत नाही. आपण हातानं "जा, जा, तुम्ही जा" अशी खूण करतो, चालक थांबूनच असतो, मागे आणखी चार गाड्या लागतात, आणि शेवटी आपण मान खाली घालून, एक हात पुढे धरून, पळत पलीकडे जातो. हे करू नये. सरळ चालत जावं. उलट सिग्नल लाल असेल तर मैलभर गाडी दिसत नसली तरी थांबायचं. सगळे थांबतात, आणि पोलीस दंडही करतात. अंधार पडल्यावर पायी चालणाऱ्यानं कपड्यांवर चमकपट्टी लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिला 'हेल्कुर' म्हणतात. दोरीला टांगलेला छोटासा चमकणारा तुकडा असतो, दुकानात सहज मिळतो, कोटाच्या खिशाला टाचणीनं लावून गुडघ्याच्या उंचीवर लोंबता ठेवायचा. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असल्यामुळे तो जवळजवळ दिवसभर लोंबतो. जूनमध्ये उलटा प्रकार, साडेअठरा तास उजेड. तेव्हा हेल्कुरऐवजी डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. "अजून उजेड आहे, जरा फिरू या" असं म्हणत रात्रीचे अकरा वाजतात आणि जेवणाची सगळी दुकानं मिटलेली असतात.

तालिनच्या बस-ट्राममध्ये तालिनकरांना तिकीट लागत नाही, २०१३ पासून. हे वाचून आपले लोक खूश होतात. तुम्ही तालिनकर नाही. पुढच्या दारातून चढा, चालकाजवळच्या यंत्राला बँकेचं टॅप होणारं कार्ड टेकवा, हिरवं दिसलं की आत सरका. चालकाशी बोलायची गरज नाही, त्याचीही तशी अपेक्षा नाही. मागच्या दारातून चढून "येतो हं पुढे" म्हणत उभं राहणाऱ्याला तपासनीस गाठतो. नवरा-बायकोनं वेगवेगळी कार्डं ठेवावीत, तिकिटासाठी आणि एकंदरीतच. कार्डाच्या यंत्रानं कुठेही "रुपयांत भरणार की युरोंत?" असं विचारलं तर युरो निवडा. रुपयांची ती आपुलकी महागात पडते. रोख दिलीत तर एकूण बिल २०२५ पासून पाच सेंटांच्या पटीत वर-खाली केलं जातं. "दोन सेंट सुटे नाहीत, चॉकलेट घ्या" असं कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या गावांना जायचं तर केशरी रंगाच्या आगगाड्या आहेत. लोक त्यांना 'गाजर' म्हणतात. तार्तूला, म्हणजे १६३२ च्या विद्यापीठाच्या गावाला, दोन-अडीच तासांत नेतात. बस तेवढ्याच वेळात जाते आणि अधिक वेळा असते. दोन्हीकडे तिकीट आधी मोबाइलवर काढलेलं बरं. डब्यात कोणी बोलत नाही. फोन वाजला तर उचलून "हां बोल, ट्रेनमध्ये आहे" असं ठणकावून सांगू नका. डब्यातल्या सगळ्यांना ते माहीत आहे.

आता भाषा. एस्टोनियनला चौदा विभक्ती आहेत, असं सांगून इंग्रजी बोलणारे प्रवासी एकमेकांना घाबरवतात. आपण घाबरू नये. 'स, ला, ते' पाठ करून वाढलेल्या माणसाला शब्दाच्या शेपटीला काहीतरी चिकटवणं नवं नाही. उलट लिंगभेद नाही, 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द, भविष्यकाळाचं वेगळं रूपही नाही. खरा घोटाळा दुसरीकडेच आहे. कानावर मराठी पडल्याचा भास होतो. 'होय'ला ते 'या' म्हणतात. आपण दारात उभे राहून "इथे जागा आहे का?" विचारतो, आतून "या" येतं, आणि ऊर भरून येतो. पैशाला 'राहा' म्हणतात, तो राहत नाही. मांसाला 'लिहा'. कोंबडीला 'काना'. म्हणून कोंबडीचं मांस 'कानालिहा', आणि खिम्याला 'हाक्कलिहा'. खाटकाच्या फळ्यावर हा मजकूर वाचून आपण बालवाडीच्या वर्गात उभे आहोत असं वाटतं. सुपरमार्केटात फळीफळीवर 'हिंद' असं लिहिलेलं दिसेल. सलाम ठोकू नका, 'हिंद' म्हणजे किंमत. दारावर 'तम्बा' लिहिलेलं असेल तर 'थांबा' समजून लोक खरोखर थांबतात. त्याचा अर्थ ओढा. ढकलायचं असेल तर 'ल्युक्का'. प्रसाधनगृहावर 'एम' म्हणजे पुरुष आणि 'एन' म्हणजे बायका. 'एन' म्हणजे 'नर' असा हिशेब करून आत जाऊ नये.

शाकाहारी माणसासाठी 'लिहा' हा शब्द जीवनावश्यक. "कास सेल्लेस ऑन लिहा?" म्हणजे "यात मांस आहे का?" हे पाठ करा, कारण मांस जिथे असायचं काही कारण नाही अशा ठिकाणीही असतं. मटारचं सूप, हेर्नेसुप्प, दिसतं निष्पाप, त्यात बहुधा धुरावलेलं डुकराचं मांस असतं. आंबवलेली शिजवलेली कोबी, तिचीही तीच गत. बटाटा आणि बार्लीची मुल्गिपुदेर ही लापशी साधी भोळी, पण वर खरपूस चरबीचे तुकडे पेरतात. ते नको म्हणून आधी सांगता येतं. मेनूवर 'ताइमेतोइत' दिसलं की ते शाकाहारी. दुपारी कामाच्या दिवसांत बारा ते तीनच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी 'पॅएवाप्राद' असतं, म्हणजे त्या दिवसाची थाळी. संध्याकाळच्या मेनूपेक्षा बरीच स्वस्त. त्यात शाकाहारी पर्याय आहे का ते बाहेरच्या फळ्यावर वाचूनच कळतं. दोनला पोहोचलात आणि ती संपली असेल तर संपली. "जरा आत बघा ना, थोडं असेल" या वाक्याचं एस्टोनियन भाषांतर होत नाही.

राईची (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) काळी पोळी, नव्हे, पाव, हा त्यांचा जीव की प्राण. त्याला 'लेइब' म्हणतात. जेवणाऱ्याला "यात्कु लेइबा", म्हणजे "तुझा पाव पुरो", असं म्हणण्याची पद्धत आहे. पांढरा पाव 'साइ', त्यावर साय शोधू नये. पण मराठी माणसानं खरोखर शोधावी ती गोष्ट म्हणजे 'कामा'. राई, ओट, बार्ली आणि वाटाणा भाजून दळलेलं पीठ. पाकीट उघडलं की भाजणीचा वास येतो, डोळे मिटले तर शनिवार पेठ. ते थालीपीठ लावायला नसतं. सातूच्या पिठासारखं आंबट ताकात किंवा केफिर या आंबवलेल्या दुधात कालवून, साखर घालून पितात. एका पेल्याला दोन-तीन चमचे पुरतात. आधी थोड्या केफिरमध्ये नीट कालवा आणि मग उरलेलं घाला, नाहीतर गुठळ्या होतात. दहा मिनिटं ठेवलं की फुगतं आणि न्याहारी होते. दुसरा आधार 'कोहुके'. चक्क्यासारख्या घट्ट गोड मिश्रणाची बोटाएवढी वडी, वर चॉकलेटचा पातळ थर, फ्रीजच्या फळीवर ओळीनं मांडलेली. चॉकलेटमधलं श्रीखंड म्हणा. काहींमध्ये जिलेटिन असतं, कडक शाकाहाऱ्यांनी पाकिटावर 'झेलातीन' शब्द बघावा.

आणि मग शेपू. एस्टोनियन लोक शेपू भाजी म्हणून करत नाहीत, हवा म्हणून वापरतात. उकडलेल्या बटाट्यावर शेपू, काकडीत शेपू, सूपवर शेपू, आंबट सायीत शेपू, माशावर शेपू, बटाट्याच्या वेफर्सनाही शेपूचा स्वाद. आपल्याकडे घरं दोन प्रकारची असतात, शेपू चालणारी आणि शेपू आणला तर जेवायला न बसणारी. दुसऱ्या प्रकारच्यांनी या देशाचा फेरविचार करावा. फसगत अशी की शेपूला ते 'तिल्ल' म्हणतात, आणि आपण तीळ समजून खुशाल मागवतो. इथे विभक्ती कामाला येतात. आपण 'शेपूशिवाय' हा एकच जोडशब्द करतो, तेही तसंच करतात: 'तिल्लिता'. 'शेपूसह' म्हणजे 'तिल्लिगा'. एका अक्षराचा फरक, ता आणि गा. ताटात मात्र तो गावभर पसरतो.

दुकानात दारू सकाळी दहा ते रात्री दहा एवढ्याच वेळात विकतात, यंत्रच बिल करत नाही, म्हणून घासाघीस व्यर्थ. रिकाम्या बाटल्या आणि डबे टाकू नका. प्रत्येकी दहा सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या कोपऱ्यातल्या यंत्रात बाटली तळाकडून सरकवायची, न चेपता. चेपलेली बाटली यंत्र थुंकून टाकतं. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर द्यायची. रिकाम्या बाटल्यांना ते 'तारा' म्हणतात. आपला भंगारवाला निदान वजनात मारतो, हे यंत्र मोजूनमापून देतं, त्यामुळे मजा येत नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली विकत घेण्याची गरजच नाही, पण मग दहा सेंटांचा आनंदही नाही.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, एक वर्ष चालतो. रस्त्याची उजवी बाजू सांभाळणं दोन तासांत जमतं, इंडिकेटर जमत नाही. तो डाव्या हाताला असतो. त्यामुळे प्रत्येक वळणावर मराठी माणूस कोरड्या काचेवर वायपर फिरवतो. दिवे दिवसाही लावलेले हवेत, गावात वेग ५०, बाहेर ९०, आणि संध्याकाळी जंगलाच्या रस्त्यावर मूस जातीचं हरीण आडवं येऊ शकतं. ते घोड्याएवढं असतं, हॉर्नला भीक घालत नाही. सारेमा बेटावर जायला विर्त्सूहून फेरी पकडा, अर्ध्या तासाच्या आत पलीकडच्या मुहू बेटावर, पुढे बांधावरून गाडी थेट. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी जागा आधी राखून ठेवा. तिथे काली नावाचं उल्कापातानं झालेलं विवर आहे, व्यास ११० मीटर. लोणार पाहिलेल्या माणसानं तिथे तोंडावर ताबा ठेवावा. लोणारच्या पोटात अशी सोळा एका रांगेत बसतील, पण हे सांगायला ती जागा बरोबर नव्हे.

हिवाळा पुरेसा कडक पडला तर काही वर्षी समुद्रावर बर्फाचा अधिकृत रस्ता उघडतो. हिऊमा बेटाकडचा सुमारे २६ किलोमीटरचा. इथले नियम ऐकून माणूस चक्रावतो. गाडीत सीटबेल्ट लावायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा कायदा आपल्या बाजूनं बोलतो. कारण साधं आहे, बर्फ फुटला तर झटकन बाहेर पडता यायला हवं. वेग एक तर ताशी २५ किलोमीटरच्या खाली किंवा ४० ते ७० च्या मध्ये. २५ ते ४० चा पट्टा टाळायचा, कारण त्या वेगात गाडीखाली पाण्यात उठणारी लाट बर्फाला ताल धरून हलवते आणि तो तडकतो. पुढच्या गाडीपासून अडीचशे मीटर अंतर, वाटेत थांबायचं नाही, सेल्फीसाठी तर नाहीच, आणि सूर्य मावळला की रस्ता बंद. किती वजनाची गाडी चालेल ते फाटकावर लिहिलेलं असतं. सामानातले बेसनाचे लाडू त्यात धरा. भाड्याच्या गाडीच्या करारात हा रस्ता चालतो का, ते आधी वाचा.

उन्हाळ्यात दलदलीवरून लाकडी फळ्यांच्या वाटा असतात, तालिनजवळ लाहेमाच्या रानातली विरूची वाट सोपी, साडेतीन किलोमीटर. फळी सोडून पाय टाकू नका, हिरवळ दिसते ते शेवाळ असतं आणि खाली पाणी. गवतातून गोचीड चढते, तिच्यातून मेंदूचा ताप आणि लाइम हे आजार होतात. पँट मोज्यात खोचा, रात्री काखा आणि गुडघ्यामागची जागा तपासा. जून २३-२४ ला सगळा देश शेकोट्या पेटवायला गावी पळतो. त्या दोन दिवसांत तालिनमध्ये काही उघडं मिळेल अशी आशा धरू नये.

साउनाला, म्हणजे तापवलेल्या खोलीतल्या वाफेच्या स्नानाला, बोलावलं तर नाही म्हणू नका, मान मोठा असतो. सार्वजनिक साउनात बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, आणि अंगावर काही नसतं. हॉटेलच्या पाण्याच्या विभागात सगळे एकत्र असतात, तिथे पोहण्याचे कपडे सक्तीचे. दारावरची पाटी वाचणं किती महत्त्वाचं ते इथे कळतं. आधी साबणानं अंघोळ. मग सोनं उतरवा: साखळी, मंगळसूत्र, अंगठ्या. आत ऐंशी-नव्वद अंश असतात आणि सोनं फार निष्ठेनं तापतं. बुडाखाली टॉवेल घ्यायचा. सर्वांत वरची फळी सर्वांत गरम, नवख्यानं खालची धरावी आणि ती मानाची नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये. तापलेल्या दगडांवर पळीनं पाणी टाकलं की वाफ उठते, तिला 'लेइल' म्हणतात. ती आधी कानांना कळते. पाणी टाकण्यापूर्वी इतरांकडे बघा. घंघाळातून तांब्या ओतल्यासारखं बदाबदा टाकू नका. बर्चच्या भिजवलेल्या डहाळ्यांनी अंगावर थापटतात, तो मार नव्हे, मालिश आहे. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर, गार पाणी किंवा तळं, जरा बसणं, पुन्हा आत. व्होरू या भागातल्या धुराच्या साउनाला धुराडं नसतं. कित्येक तास लाकडं जाळून, धूर बाहेर काढून मग आत जातात. युनेस्कोनं २०१४ मध्ये त्याची नोंद घेतली आहे. तिथे भिंतीला टेकू नका, पाठीवर काजळीचा ठसा घेऊन बाहेर याल. आत भांडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही अशी जुनी रीत आहे.

कोणाच्या घरी जाणार असाल तर चपला-बूट दाराशी काढायचे, हे सांगायला नको. मोजे भोक नसलेले हवेत, हे सांगायला हवं. फुलं न्यायची तर विषम संख्येत. सम संख्या मयताला. आपली सवय अकरा, एकवीस, एक्कावन्नची, त्यामुळे आपण आपोआप वाचतो. वेळेवर जा. पाच वाजता म्हणजे पाच वाजता, आणि पावणेपाचला जाऊन दारात उभं राहिलात तर ते तुम्हाला खिडकीतून बघतील पण दार पाचला उघडतील.

आणि जेवायला बसलात की शेपूचं आठवणीनं सांगा. एकदाच, हळू, स्पष्ट: "तिल्लिता, पालुन." पालुन म्हणजे कृपया. वाढणारी बाई "या" म्हणते, मान डोलावते, लिहून घेते. बटाटे येतात. वाफाळते, लोण्यानं चमकणारे, आणि खरोखर त्यांच्यावर एक काडी नसते. शेपू शेजारच्या वाटीतल्या सायीत असतो.